आर. के. पुरमचं कनेक्शन
यादीतल्या अठरा कॉम्प्युटरांनी हाकेला ओ दिली नाही. अनुरागने ते एकेक करून काढून टाकले. एकोणिसाव्याने मात्र लगेच उत्तर दिलं. त्याचं नाव होतं ‘आर. के. पुरम’.

अनुराग चक्रावला. नोएडाच्या ऑफिसात त्याने हे चॅटचं ॲप नमुना म्हणून लिहिलं होतं. कॉम्प्युटर एकमेकांना कसे जोडायचे आणि जोडलेले कसे सांभाळायचे, हे नवशिक्यांनी बघून शिकावं, एवढाच हेतू. चाचणीसाठी आईबाबांच्या दिल्लीत आर. के. पुरमला असलेल्या सरकारी क्वार्टरमधल्या लॅपटॉपवरही ते टाकलं होतं. पण ते अजून चालू?

त्याने नोंदी उघडल्या. लाइट गेली की वायफाय जायचं, कनेक्शन तुटायचं आणि लाइट आल्यावर मिनिटाभरात पुन्हा जुळायचं. तीन वर्षं हेच चाललं होतं. आपोआप जुळायची सोय त्याने केलीच नव्हती. नमुन्याच्या ॲपसाठी एवढी मेहनत कोण घेतो? म्हणजे प्रत्येक वेळी कोणीतरी बटण दाबलं होतं.

आईला जाऊन दोन महिने झाले होते. तो वेगळा राहायला लागल्यापासून ती नोएडाला एकदाही मुक्कामाला आली नाही. तिने राग धरलाय, असंच तो समजत आला होता. आता बाबांचाही तोच हट्ट. श्यामकांत रिटायर झाले, क्वार्टर सोडायची तारीख आली, तरी मुलाकडे यायचं नाव नाही. तिथेच जवळ मुनिरक्यात भाड्याची खोली बघत फिरत होते.

त्याने फोन लावला.

“बाबा, तो लॅपटॉप चालू आहे अजून?”

“बिल्कुल! का रे, काही गडबड झाली का? सकाळी लाइट गेली होती, पण आल्या आल्या मी बटण दाबलं.”

“बाबा, इकडे या ना राहायला. आईसारखा राग नका धरू.”

“राग कसला? तूच म्हणालास ना, दोन टोकं दोन घरांत हवीत, बंद पडलं तर माझं काम अडेल? तुझ्याकडे यायला किती तळमळायची सुमित्रा! बॅग भरायची आणि परत रिकामी करायची. ‘तुम्ही ऑफिसात, मग बटण कोण दाबणार?’ म्हणायची. हॉस्पिटलमध्ये मला बजावून गेली. आता मी आलो तर इथे कोण, सांग?”

अनुरागला रडू फुटलं. चाचणी दोनच दिवसांची होती. ती संपली, हे घरी सांगायला तो विसरला होता.