मधाची परीक्षा

वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आसावरीला निक्षून सांगितलं होतं. आणि कोल्हापूरहून जयपूरला आलेल्या सासूबाईंनी नातवाला चाटवायला मधाची भली मोठी बाटलीच आणली होती. तोंडावर नाही म्हणायचा काही तिला धीर होईना, म्हणून तिने शुद्धतेचं निमित्त काढलं.

"आई, आधी खरा आहे का ते बघू या," म्हणत तिने पाण्यात थेंब सोडला. तो सरळ तळाशी गेला.

"झालं समाधान?"

"छे, साखरेचा दाट पाकही असाच बुडतो!"

पुढे थंडीत मध कणीदार झाला, तर आसावरीने भेसळीचा संशय घेतला.

"अगं बाई, अस्सल मधसुद्धा गारठ्यात थिजतो!"

"आणि लेबलवर नुसतं ऑरगॅनिक लिहिलंय. प्रमाणपत्राचा शिक्का कुठाय?"

"मधमाश्यांनी मारायचा का शिक्का?"

बाळ झोपलं की जयपूरच्या विद्याधर नगरातल्या त्यांच्या घराच्या गॅलरीत सासूसुनेची अशी रोज जुंपायची.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मात्र आसावरीने आपणहून बाटली उघडली. "आई, खात्री झाली. शुद्ध आहे हो. तुमच्याच हातानं चाटवा."

सासूबाई गालातल्या गालात हसल्या. "लस टोचायला गेलो होतो ना, तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी मलाही बजावलं होतं, वर्षभर मध नको म्हणून."

"मग इतके दिवस भांडत का होतात?"

 

"अगं, या जयपुरात माझ्याशी मराठीत भांडायला दुसरं आहे कोण?"