मोठ्याने म्हटलेलं ‘तीन’

सरकारतर्फे मला सांभाळायला येणारी ताई पलंगावरून उचलून खुर्चीत बसवताना “एक, दोन” हळू म्हणायची आणि “तीन” मोठ्याने. माझे कान तिखट. त्या ‘तीन’मागे कण्हणं दडलेलं मला कळायचं. एकदा तिच्या ऑफिसातली मॅडम ताईसाठी आरोग्य विम्याचं कार्ड घेऊन आली. “काही दुखणं आहे?” “नाही,” ताई म्हणाली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, “फुकटचं कार्ड, आजी. दुखणं सांगितलं की काम गेलं.” मेली संशयखोर. तिच्या भल्यासाठी मीच सांगून टाकलं, “हिची कंबर गेलीय.” मॅडमने हसून लिहून घेतलं. सोमवारी दुसरीच आली, हातात तसंच विम्याचं कार्ड. “आधीची कुठे गं?” “घरी बसवलीय म्हणे.” तिने मला कवेत घेतलं. “एक, दोन” हळू, “तीन” मोठ्याने. पुढच्या महिन्यात मॅडमने विचारलं, “आजी, हिला काही दुखतं का?” मी ठार बहिरी झाले.