सापळ्याचा पासवर्ड

संगणकांवर हल्ले करणारे इंटरनेट पत्ते पकडून त्यांची तक्रार नोंदवायची, हे तिचं काम. त्यासाठी सापळा म्हणून लावलेल्या बनावट संगणकाला खरा पासवर्डच नव्हता. काहीही टाका, नकार ठरलेला.

आज एक पत्ता सकाळपासून हात धुऊन मागे लागला होता. पासवर्ड म्हणून नुसती मुलींची नावं टाकत होता, एकामागून एक.

"ताई, तक्रार करा आणि मोकळ्या व्हा," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला.

"मोकळं व्हायला अजून चार महिने आहेत," ती हसली आणि तिने तक्रारीचा अर्ज उघडला.

तेवढ्यात पडद्यावर पुढचं नाव उमटलं. बाळासाठी तिने मनात ठरवलेलं, नवऱ्यालाही न सांगितलेलं.

त्याखाली सापळ्याचं उत्तर आलं: "प्रवेश मिळाला."

आणि तिच्या पोटात पहिल्यांदाच काहीतरी हललं.