काळी काच

दुपारी बाराच्या सुमारास, भंडारदऱ्याच्या डाक बंगल्यामागच्या टेकाडावर, रंगनाथ गुरुजींनी दुर्बिणीची, सूर्य पाहताना डोळा वाचवणारी काळी काच काढली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. काच आट्यांची होती, फिरवली की निघत असे. ती नवी कोरी दिसत होती. कोणी पाहिलं नाही.

१९७२ची दिवाळीची सुट्टी होती. पावसानं दगा दिला होता आणि आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. सोनईहून जीपनं, ड्रायव्हर सोडून, चौघं आले होते: दुर्बिणीचे मालक श्रीमंतराव दरंदले, म्हणजे गावाचे अण्णा, त्यांची बायको मालनबाई, इंजिनं दुरुस्त करणारा कानिफनाथ आणि गुरुजी.

दोन वर्षांपूर्वी याच दुर्बिणीतून सूर्य पाहताना गुरुजींचा धाकटा भाऊ भीमा याचा डोळा गेला. लष्करातली भरती ठरली होती, तीही गेली. "अण्णांनी आधी बघितलं," भीमा सांगायचा, "आन् मला म्हनले, लख्ख दिसतंय, बघ." श्रीमंतरावांनी गावाला वेगळंच सांगितलं. पोरानं माझ्या माघारी काच काढून पाहिलं, म्हणाले. गावानं ते मानलं.

गुरुजींनी मानलं नाही. अण्णांनी पाहिलं, त्यांचा डोळा शाबूत. लगेच भीमानं पाहिलं, त्याचा गेला. म्हणजे मधल्या वेळात काच काढणारा माणूस एकच. अण्णा सूर्यावरचे डाग मोजत; त्या दिवशी भीमानं सगळ्यांदेखत त्याची टिंगल केली होती, हेही गुरुजी विसरले नव्हते.

आणि या सहलीचं आवतण श्रीमंतरावांनी आपणहून दिलं होतं. निर्लज्जपणालाही सीमा असते, असं गुरुजींना वाटलं. ते लगेच हो म्हणाले.

वाटेतही श्रीमंतरावांचा तोरा सुटला नाही. पूर्वी ते जीप स्वतः चालवत. आता ड्रायव्हर ठेवला होता. "गुरुजी, माझ्या डाव्या अंगाला बसा," असं त्यांनी फर्मावलं. संगमनेरला चहा बशीत ओतताना त्यांनी तो बशीबाहेर सांडला, गुरुजींच्या धोतरावर. माफीचा शब्द नाही. मालनबाईंनी मुकाट्यानं कप उचलून नवऱ्याच्या डाव्या हाताशी ठेवला.

"अण्णा, नजर कुठं हाय? डागावर?" कानिफनाथ हसला होता.

आता टेकाडावर, हिरड्याच्या सावलीत, त्याच डागांवरून जुंपली होती.

"डाग कमी झाले की पाऊस कमी," श्रीमंतराव म्हणाले. "सूर्याचा जोर उतरतो. समुद्राचं पाणी वर उचलायला जोर लागतो, कानिफ."

"डाग सूर्याला आन् तहान आमाला! अण्णा, मानूस चंद्रावर गेला तवापासून हे चालू हाय. वर भोकं पाडली त्यांनी."

"चंद्राला भोक पडलं म्हणून तिसगावची विहीर आटली?"

"मग सूर्याला मुरूम आले म्हनून आटली व्हय?"

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजीही हसले. सकाळपासून ते पहिल्यांदाच हसले.

"गुरुजी, तुमचं काय म्हणणं?"

"माझं काही नाही, अण्णा. तुम्ही बघा आणि सांगा."

"बघता का आधी तुम्ही?"

"आमच्या घरात एकानं पाहिलंय. तेवढं पुरे."

भीमानंतर त्या दुर्बिणीला श्रीमंतरावांखेरीज कोणी डोळा लावत नसे. गुरुजींनी बेत आखताना हे धरलं होतं. दुसऱ्या कोणाला इजा व्हायला नको होती.

श्रीमंतराव उठले. चाचपडत नळी सूर्याकडे वळवली. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उजवा भिंगाला लावला.

क्षणभर आधी एक पांढरा, धगधगीत ठिपका त्यांच्या गालावर पडला. मग तो वर सरकला आणि डोळ्यात शिरला. आता किंकाळी येईल, असं गुरुजींना वाटलं.

आली नाही.

"तीन मोठे," श्रीमंतराव शांतपणे म्हणाले. "बाकी बारीक. मागच्यापेक्षा कमीच. लख्ख दिसतंय."

ते निवांत पाहत राहिले. गुरुजींनी खिसा चाचपला. काच खिशातच होती.

श्रीमंतराव ताठ झाले. "तुम्ही व्हा पुढं, जेवणाचं बघा. मी आलोच."

कानिफनाथ भुकेनं भराभरा उतरून गेला. मागून मालनबाई पाण्याची कळशी घेऊन निघाल्या. गुरुजी त्यांच्यासोबत चालू लागले. निम्मा उतार झाल्यावर त्यांना राहवलं नाही.

"वहिनी, अण्णांच्या डोळ्याला त्रास होत नाही?"

मालनबाई थांबल्या. कळशी दगडावर ठेवली.

"तुमी भीमाचं भाऊ. तुमाला तरी सांगायला पायजे," त्या म्हणाल्या. "उजव्यानं ह्यास्नी दिसत न्हाई. आंधार हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. काच उन्हानं तडकली हुती. आधी ह्यांनी बघितलं, मग भीमानं. डोळ्याम्होरं काळं आलं तवा ह्यास्नी वाटलं, जाईल घटकाभरानं. रातीला समजलं. फुटकी काच मीच परसात पुरली. दुसऱ्याला आभाळ दाखवनारा मानूस आंधळा झाला म्हनून लोक हसतील, ही ह्यांची भीती. म्हनून त्या पोरावर घातलं. लई वाईट केलं, भावजी. जीपमधी तुमाला सांगनार हुते. ह्यांची जीभ रेटली न्हाई."

"पण आत्ता तर डाग मोजले."

"लोकं असली की उजवाच लावत्यात, काई बी सांगत्यात. म्हनून तर आपल्याला खाली धाडलं." मालनबाईंनी कळशी उचलली. "खरं बघायचं ते एकटं असल्यावर."

गुरुजी वळले. हाक पोचेल का, हे सांगता येणार नाही इतकं टेकाड उंच होतं. माथ्यावर श्रीमंतरावांनी सगळीकडे नजर फिरवली. जवळ कोणी नाही, अशी खात्री करून घेतली. मग त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि ते दुर्बिणीकडे वाकले.