उरलेल्या गोळ्या

उष्टं ताट सरकवावं तसं भावोजींनी गोळ्यांचं पाकीट काउंटरवर सरकवलं.

"घे, मेव्हणीबाई. उरल्यात. मार दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात."

मेव्हणीने ओढणीने मानेवरचा घाम टिपला. औषधांच्या दुकानात उभं राहून तिला बारा वर्षं झाली होती, पण बहिणीच्या नवऱ्याच्या लेखी ती अजून पुड्या बांधणारीच. महिनाभराच्या कामाला ते परदेशी निघाले तेव्हा, तिकडे मलेरिया फार म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून तिनेच या गोळ्या दिल्या होत्या. पाकिटावर ठळक लिहिलंही होतं: रोज एक. जाण्याआधी, तिथे असताना आणि नंतर चार आठवडे.

"भावोजी, येऊन दोनच आठवडे झाले ना? मग इतक्या उरल्या कशा?"

"विमानात बसलो आणि बंद केल्या. डास तिकडे, मी इकडे. आता गोळी खाऊन मारू कुणाला? तुमच्या दुकानातल्या झुरळांना?"

"'नंतर' म्हणून लिहिलं होतं मी."

"वाचलं की! म्हटलं, नंतर बघू."

स्वतःच्याच विनोदावर ते खो खो हसले. काय माणूस आहे! पासपोर्टवर एक शिक्का काय बसला, नाकाने कांदे सोलायला लागला. ताई याच्यापुढे तोंड उघडत नाही ना, म्हणून चाललंय सगळं.

"डास राहिले हो तिकडे," ती फणकारली, "पण चावून जे अंगात सोडलं असेल, ते काय विमानतळावर उतरतं? आठवडेच्या आठवडे दडून बसतं नि मग डोकं वर काढतं. माणूस दगावतो त्याने! ताईला नि पोरींना काय सांगू मग? नंतर बघू?"

"झालं, आली मोठी डॉक्टरीण! चार गोळ्यांची नावं पाठ केली की..."

वाक्य अर्धंच राहिलं. भावोजींनी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं आणि दोन्ही हात काखेत घातले. त्यांचे दात कडकड वाजत होते.

"कधीपासून होतंय हे?"

"कसलं काय? ऊन लागलंय परवा." त्यांनी वैतागून वर हनुवटी उडवली. "आधी तो पंखा बंद कर तुझा. गारठलो इथे उभा राहून."

तिने वर बघितलं.

पंखा बंदच होता. वीज सकाळीच गेली होती.