कमळाच्या हातावरची गाठ

राहीबाईने लेकीच्या, कमळाच्या हातावरचा हळद-चुन्याचा लेप ओल्या फडक्याने पुसला. गाठ होती तिथेच होती. वाटाण्याएवढी, लालसर, टणक. आठवडाभर लेप लावून ती तसूभर हलली नव्हती.

"दुखतंय?"

"न्हाय."

राहीबाईला आठवलं, नवऱ्यालाही आधी काही दुखत नव्हतं.

केसरीनाथला महारोग होऊन सहा वर्षं झाली होती. तो मागच्या पडवीत राहायचा. त्याचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. दवाखान्याच्या गोळ्या मनात आलं तर घ्यायचा, नाहीतर उशाखाली ठेवायचा. गावाला सगळं ठाऊक होतं, पण गाव तोंड उघडत नव्हतं. कमळाचं लग्न ठरलं तेव्हा मात्र विषय निघाला. नवरा मुलगा पंढरी भिवंडीत लूमवर कामाला होता. त्याचा मामा तुळशीराम आडपडदा न ठेवता म्हणाला, "पोरगी पसंत हाय. पन त्या मुंबयच्या बाई येतात ना, त्यांनी तिचा हात बघून चांगली हाय म्हनावं. मंग तारीख धरू."

मुंबईच्या बाई म्हणजे डॉक्टर हेमलता गुप्ते. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाणाऱ्यांपैकी एकाला महारोग होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असं का, या एका प्रश्नापायी त्यांनी प्रयोगशाळेत उभी हयात घालवली होती. गेल्या महिन्यात त्या पडघ्यापलीकडच्या या गावात आल्या. नसबंदीचे दिवस होते. जीप दिसताच पुरुष शेतात पळाले, म्हणून शाळेच्या ओट्यावर बायका आणि पोरीच जमल्या. बाईंनी एकेकीच्या हाताला सुई टोचली आणि कंटाळा न करता सांगितलं, "आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या एकमेकींना निरोप धाडतात. मला ते निरोप शोधायचेत. महिन्याने येऊन हात बघेन."

"गाठ उठली तं काय समजायचं?" शेजारच्या गुणाबाईने विचारलं.

"ते आत्ता सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही हाताला काहीबाही लावणार, आणि माझी सगळी मेहनत पाण्यात."

राहीबाईने तिथल्या तिथे अर्थ लावला. चांगलं असतं तर बाईंनी लपवलं कशाला असतं?

तिसऱ्या आठवड्यात कमळाच्या हातावर गाठ उठली. धाकट्या काशीचा हात मात्र तळहातासारखा साफ. राहीबाई रात्रभर रडली आणि सकाळी कामाला लागली. केसरीनाथचं जेवणखाण, अंघोळ, पाय धुणं, सगळं आजवर कमळा करत होती. ते राहीबाईने काढून काशीकडे दिलं. काशीला रोग शिवत नाही, एवढं तरी देवाने ठेवलं, असं तिला वाटलं.

आज बाई हात बघायला आल्या होत्या.

"काशे," राहीबाई हळूच म्हणाली, "तू कमळा म्हनून चल."

"आन् माझं नाव पुकारलं तं?"

"काशी मामाकडं गेली, म्हनून सांगन मी."

कमळाने खाली मान घातली. दोघी बहिणी दिसायला इतक्या सारख्या, की शेजारणीही फसायच्या. काशीने मुकाट्याने बहिणीचं हिरवं लुगडं नेसलं.

शाळेच्या आवारात तुळशीराम चिंचेखाली बिडी ओढत बसला होता. त्याने काशीकडे एकवार पाहिलं. राहीबाईने चटकन तिचा पदर पुढे ओढला आणि तिला ओट्यावर चढवलं.

"कमळा केसरीनाथ," बाईंनी नाव वाचलं आणि तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तूच ना गं ती, सुई टोचताना डोळे मिटून घेणारी?"

राहीबाईची पाचावर धारण बसली. डोळे कमळाने मिटले होते. काशी तर सुईकडे बघत उभी होती.

"आता न्हाय मिटत," काशी म्हणाली.

बाई हसल्या. त्यांनी हात उजेडात धरला, अंगठा दाबून फिरवला, मोजपट्टी लावली, पुन्हा अंगठा फिरवला. मग पाठ, कान, कोपर, सगळं तपासलं. बाईंच्या कपाळावरची आठी काही जाईना.

"नाहीच," बाई शेवटी म्हणाल्या.

राहीबाईचा जीव भांड्यात पडला. "मंग चांगली हाय ना पोरगी? लगीन हाय तिचं. पोराचा मामा तिकडं चिंचेखाली बसलाय."

"आज चांगली आहे. अंगावर कुठे चट्टा नाही. लग्न खुशाल करा, मी त्या मामांना सांगते." बाईंनी हात सोडला नाही. "पण लवकर करा. ही तुमच्या घरातून जितक्या लवकर बाहेर पडेल तितकं बरं."

"म्हंजी?"

"गाठ यायला हवी होती, राहीबाई. गाठ म्हणजे पेशींनी एकमेकींना हाका मारल्या, धावून आल्या, सुईतल्या मेलेल्या जंतूला घेरलं. अशा माणसाला रोगाची फारशी भीती नसते. तो रोग्याची खुशाल सेवा करू शकतो. हिच्या अंगात कोणी धावूनच येत नाही. जंतू शिरला तर त्याला रान मोकळं. हिला वडलांच्या वाऱ्यालाही उभी करू नका." त्यांनी काशीच्या दंडावर मायेने थोपटलं. "सध्या त्यांचं सगळं कोण करतं?"

राहीबाईने पुढे होऊन काशीचा पदर धरला.

"मीच," काशी म्हणाली.