दोन बोटांची फट

दाराखाली बरोबर दोन बोटं फट होती. टेलरबाईंनी जमिनीवर पालथं पडून ती मोजली. टेपपेक्षा त्यांचा स्वतःच्या बोटांवर जास्त भरवसा. चाळीस वर्षं त्याच बोटांनी लोकांची मापं काढलेली.

दाराला बाहेरून कडी होती. दोन महिन्यांपूर्वी त्या पडल्या, पाय मुरगळला, तेव्हापासून रोजचीच. पाय कधीच बरा झाला, कडी मात्र राहिली. आज सकाळी ती लावता लावता मुलगा पलीकडून म्हणाला होता, "आई, चार वाजता माणूस येऊन तुझी मशीन घेऊन जाईल. शिवणंबिवणं पुरे आता. दुपारी मस्त झोप काढ."

"झोपते की! कडी लावलीस म्हणजे अंगाई म्हणून झालीच तुझी."

शिलाई मशीन खाली, कोपऱ्यावरच्या त्यांच्या दुकानात होती. चारच्या आत तिथे जाऊन तिच्यापुढे ठाण मांडून बसायचं. मग बघू कोण उचलतो ते. पण जायचं कसं? फोन दुरुस्तीला म्हणून नेलेला. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून बोंबलून पोटच्या लेकाची अब्रू रस्त्यावर मांडणाऱ्यांतल्या बाई नव्हत्या. दिवसा या मजल्यावर आणखी एकच माणूस घरी असायचं. समोरची.

समोरचीशी अबोला होता. तीस वर्षांची मैत्रीण! बाई पडल्या तेव्हा अख्खी इमारत भेटून गेली. पहिल्या मजल्यावरचा कुत्रासुद्धा मालकामागून येऊन पाय हुंगून गेला. ही मात्र चार पावलांवरून आली नाही. हिला हाक मारली तर माझी जीभ झडो, अशी शपथच घेतली होती त्यांनी.

चिठ्ठीबद्दल शपथ नव्हती.

नातीच्या वहीत वाऱ्यावर चालणाऱ्या गाडीचं चित्र होतं, शाळेने करायला सांगितलेली. उंच शीड, मोठी चाकं. असली ऐटबाज गाडी दाराखालून कशी जायची? बाईंनी आपल्या मापाची केली. टूथपेस्टच्या खोक्याचा पुठ्ठा. चाकांना कोटाची बटणं. बटणाला चार भोकं, पण मधोमध एकही नाही. दाभण तापवून पाचवं पाडलं. आसाला झाडूच्या काड्या. शीड बकरमचं, कॉलरला घालतात त्या कडक कापडाचं, बुटकं पण वीतभर रुंद.

खिडकी सताड उघडली. वारा शिट्टी मारत दाराखालून बाहेर पळाला. त्याला बरी मुभा होती.

पहिल्या खेपेला गाडी दारालाच अडली. शीड केसभर उंच. ते कातरलं. दुसऱ्या खेपेला बाहेर पडली ती जिन्याकडेच वळली. नशीब, मागे रिळाचा दोरा बांधला होता. ओढून आणली. मागचा आस तिरका बसला होता. बाईंनी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि तो उसवून पुन्हा बसवला.

साडेतीन झाले.

चिठ्ठी शिडामागे खोचली होती: "आधी माझी कडी काढ. मग भांडू."

या वेळी गाडी सरळ गेली, सुतात. समोरच्या दाराखाली शिरली. बाई गाल फरशीला लावून बघत राहिल्या. आत बांगड्या वाजल्या. म्हणजे चिठ्ठी वाचली तिने. आता कडी वाजेल, पावलं वाजतील.

काहीच वाजलं नाही.

"बसली असेल महामाया मान उडवत," बाई पुटपुटल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते फरशीखेरीज कोणाला दिसणार नव्हतं.

तेवढ्यात दोऱ्याला हिसका बसला.

त्यांनी भराभर गाडी ओढून घेतली. चिठ्ठी तीच होती. मागच्या बाजूला समोरचीच्या अक्षरात लिहिलं होतं:

"माझ्याही दाराला बाहेरून कडी आहे गं, तू पडलीस त्याच्या आदल्या दिवसापासून. दोन महिने वाट बघतेय, तू येऊन काढशील म्हणून."